पांढरीच्या मातीचे घर

पांढुर्ण्याचे नाव काढले की बाहेरच्या माणसाला आठवतो तो गोटमारीचा दगड. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते, आणि मग वर्तमानपत्रांत जखमींचा आकडा छापून येतो. त्याच जातीचा काळा दगड आपल्याकडच्या बहुतेक जुन्या घरांच्या पायव्यात बसलेला आहे. त्याच्याविषयी मात्र कोणी चार ओळी लिहीत नाही. या लेखात मला त्या पायव्याच्या दगडाविषयी, त्यावर चढलेल्या मातीविषयी आणि ती माती, ते लाकूड ज्या हक्काने घरापर्यंत येत असे त्या हक्काविषयी लिहायचे आहे.

हे आजच लिहिण्याचे कारण आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली छिंदवाड्यापासून वेगळ्या झाल्या आणि पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. जिल्हा झाला की कचेऱ्या येतात, कचेऱ्यांमागून वसाहती येतात, रस्त्याकडेच्या जागेला भाव चढतो आणि जुनी घरे उतरवली जातात. त्याच सुमारास शहराकडून 'पर्यावरणपूरक घर' हा शब्दही आपल्या दारात येऊन उभा राहिला आहे. जवळच मिळणारे साहित्य, उन्हाळ्यात थंडावा, पडले तरी मातीत मिसळून जाणारी भिंत, अशी त्याची लक्षणे सांगितली जातात. वाचताना वाटते, हे तर आपल्या आजोबांचे घर! मग ते घर गेले कसे? माती कच्ची होती म्हणून गेले, असे आपण मुलांना सांगत आलो. माझे म्हणणे वेगळे आहे. घर बांधण्याचा गावाचा हक्क आणि ते घर जाणणारी माणसे, ही दोन्ही हातची सुटली. माती त्यानंतर गेली.

काळी आणि पांढरी

आपल्या वाडवडिलांनी गावच्या जमिनीचे दोनच भाग मानले. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाले, ते देशावरच्या गावांविषयी; पण काळी-पांढरीची ही जोडी देशावर, वऱ्हाडात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या मुलखात सारखीच चालते. पांढुर्णा या नावातही ती पांढरी कानाला लागतेच.

या दोन नावांत बांधकामाचे शास्त्र भरलेले आहे. काळी माती कापसाला चांगली, भिंतीला वाईट. तिच्यातली चिकण पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीची भिंत वाळतानाच फाटणार. पांढरीच्या मातीचा स्वभाव निराळा. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, चुनखडी आणि पडलेल्या भिंतींचा चुरा मिसळून ती भुरकट आणि मवाळ झालेली असते. तिची ओढ कमी, म्हणून भेगाही कमी. विदर्भातल्या मातीच्या गढ्या आजही जिथे उभ्या आहेत, तिथे याच मातीच्या जोरावर उभ्या आहेत. एक घर पडले की त्याची माती भिजवून, गव्हांडा घालून, पायाने तुडवून दुसऱ्याच्या भिंतीला चढे. गावात बांधकामाचा कचरा असा काही नसेच.

दगडाचीही अशीच गंमत आहे. पांढुर्ण्याच्या बाजूला ज्वालामुखीच्या लाव्हाचा काळा पाषाण. सौंसरकडे जावे तसे त्याखालचे कितीतरी जुने खडक वर येतात. संगमरवर, अभ्रकी दगड आणि मँगनीज असलेल्या या खडकांना भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत 'सौंसर समूह' असेच नाव आहे. एवढ्याशा अंतरात पायव्याचा दगड बदलतो, आणि जुन्या घरांकडे नीट पाहिले तर गाव कोणत्या खडकावर बसले आहे ते भिंतीच सांगतात.

मातबर घराचा पायवा मुरूम लागेपर्यंत खणलेला असे. त्यावर उंच जोते, जोत्यावर दीड-दोन हात रुंदीची मातीची भिंत. ती एकदम उभी करत नसत. हातभर थर घालायचा, वाळू द्यायचा, मग पुढचा. भिंतीच्या आत सागाचे खांब, त्यांवर मयाल, वर कुंभाराची कवेलू, समोर छपरी आणि मागे वाडी. काळ्या जमिनीतले चुनखडे भट्टीत भाजून चुना निघे आणि बैलाच्या घाणीत मळला जाई. ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याचे घर कुडाचे: तुराट्या, पऱ्हाट्या किंवा बांबूचे तट्टे, आणि दोन्ही अंगांनी लिंपण. दिवाळीपूर्वी दोन्ही घरांवर पांढऱ्या मातीचा हात फिरे. त्या मातीला आपण हिंदीतून 'छुई' म्हणतो आणि ती फासण्याला वऱ्हाडीतून 'पोतारा' म्हणतो. आपल्या घरांत दोन भाषा अशा एकाच बादलीत कालवलेल्या आहेत.

रुंद मातीची भिंत दिवसाचे ऊन सावकाश पिते आणि ते आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. पारा ४५ अंशांवर चढणाऱ्या आपल्या मुलखात विजेच्या पंख्याआधीची माणसे दुपारी कशी झोपत होती, याचे उत्तर एवढेच आहे.

निस्तार

पण ही माती, हा साग, हे बांबू काही विकत येत नव्हते. ते येत होते एका हक्काने, आणि त्या हक्काचे नाव निस्तार.

इंग्रजांनी १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन केला, आणि त्यानंतरच्या जमाबंदीत गावोगावच्या वसुलीदारांना गावाची मालकी देऊन टाकली. तेच आपले मालगुजार. मात्र गावाचे सगळे काही मालगुजाराचे झाले नाही. जमाबंदीच्या वेळी प्रत्येक गावाचा 'वाजिब-उल-अर्ज' लिहिला जाई. गावातल्या लोकांनी जळण कुठून आणायचे, घरासाठी लाकूड आणि गवत कुठून तोडायचे, माती कुठून खणायची, गुरे कुठे चारायची, पाणी कसे वाटायचे, अशी वहिवाट त्या कागदात नोंदली जाई. या सगळ्या गरजांची भागवणूक म्हणजे निस्तार. पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाला हा शब्द ठाऊक नसतो. पण विदर्भ महाराष्ट्रात गेल्यावर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही तो घ्यावा लागला, इतका तो या मुलखात रुजलेला आहे.

म्हणजे आपल्या पणजोबांचे घर दगडामातीवर उभे होते तसे ते एका लेखी नोंदीवरही उभे होते. गरिबातल्या गरिबालाही पावसाळ्यापूर्वी दोन बल्ल्या, चार बांबू आणि गाडीभर माती मागता येत होती, आणि ती भीक नव्हती.

हे चित्र फार गोड करण्याचे कारण नाही. मालगुजार वेठ घेत, लाकडासाठी अडवत, आणि कागदावरचा हक्क मिळवताना रयतेला हात जोडावे लागत. तिकडे सरकारी जंगलांत १८७८ च्या वन कायद्याने राखीव पट्टे वाढत गेले, आणि सातपुड्यातला साग रेल्वेच्या पट्ट्यांखालच्या लाकडासाठी त्याआधीपासूनच जात होता. तरीही वाजिब-उल-अर्ज होता, तोवर घराच्या साहित्यावर गावाचे नाव होते.

दोन तारखा

आपल्या भागातल्या घरांचे दैव दोन तारखांनी बदलले. पहिली ३१ मार्च १९५१. त्या दिवसापासून मालगुजारी संपली आणि मालगुजारांची जंगले, पडीत, गावतळी सरकारजमा झाली. मालगुजारी गेली ते बरेच झाले. निस्तारही कायद्याने गेला नाही. १९५९ च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेत निस्तार पत्रकाची आणि वाजिब-उल-अर्जाची तरतूद आहे. पण गावाशेजारचे जंगल वनखात्याचे झाले आणि बल्ली मिळण्याची जागा बदलली. जी वस्तू गावच्या पाटलाशी भांडून मिळत होती, ती आता डेपोवर पावती फाडून मिळू लागली. पुढे ती पुरेशी येईना, आणि आली तरी जाड सागाची कधीच नसे.

दुसरी तारीख १ नोव्हेंबर १९५६. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि तेव्हाची सौंसर तहसील, पांढुर्ण्यासह, मध्य प्रदेशात राहिली. नागपूरची राजधानी भोपाळला गेली. तेव्हापासून एकाच जातीच्या घराला पलीकडे तलाठी, गावठाण आणि सातबारा. अलीकडे पटवारी, आबादी आणि खसरा. माणसांनी सोयरीक सोडली नाही. घर बांधायला सावनेर, नरखेड, वरुडचा मिस्त्री येत राहिला आणि इकडचा तिकडे जात राहिला. पण आपल्या घराविषयी विचार करणारी कचेरी, शाळा, संस्था दोन राज्यांत वाटली गेली. भोपाळच्या दृष्टीने आपण दक्षिणेचे टोक आणि मुंबईच्या हिशेबात आपण नाहीच.

या दोन तारखांच्या आगेमागे बाजारही दारात आला होता. इटारसी-नागपूर लोहमार्ग १९२०च्या दशकात पूर्ण होऊन पांढुर्ण्यावरून गाड्या धावू लागल्या, आणि सौंसरवरून नागपूर-छिंदवाडा ही छोटी रेल्वे होतीच. ती आता रुंदमापी झाली आहे. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने सुरू केलेल्या कारखान्याची चपटी कौले, लोखंडी गर्डर, टिनाचे पत्रे आणि शेवटी सिमेंट, असा तो क्रम. त्यात वानरांनी हात घातला. सातपुड्यातली वानरे संत्र्याच्या बागांवर आणि तिथून घरांच्या छपरांवर आली. एका टोळीच्या एका फेरीत वर्षाची शाकारणी पाण्यात जाते, हे आपल्याकडच्या कोणालाही सांगावे लागत नाही. कवेलू फेरायला माणूस मिळेना, म्हणून लोकांनी टिन घातले. टिन घातले म्हणून कुंभाराचे गिऱ्हाईक गेले. गिऱ्हाईक गेले, भट्टीचे लाकूड महागले आणि मातीची खदान कोणाच्या तरी प्लॉटमध्ये गेली, म्हणून कुंभाराच्या मुलाने कवेलू थापणे सोडले. आता कोणाला कवेलू हवीच असतील तर ती पडत्या घरांवरून उतरवून आणावी लागतात. एक दुवा निखळला की पुढचा निखळतो, तो असा.

वर्ध्याची वाट

या पडझडीवर विचार करणारी माणसे आपल्या शेजारीच होऊन गेली. एप्रिल १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. या गावाचे नाव पुढे सेवाग्राम झाले. तिथल्या त्यांच्या झोपड्या माती, बांबू आणि कवेलूंच्या आहेत. मीराबेनने भिंतीच्या ओल्या मातीत काढलेली ताडाची झाडे आजही दिसतात. जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच हा पाश्चात्त्य विचारवंत तिथे आला, बापूकुटीत बसला, आणि त्या झोपडीचा संदेश काय, यावरच त्याने भाषण केले. आपल्या आजीच्या घरासारखेच ते घर. पण त्यात बसून कोणी विचार करावा असे आपल्याला वाटले नव्हते.

देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये वर्ध्याला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. त्यांच्यापुढचा प्रश्न आपलाच होता: लाकूड संपले, आता गरिबाचे छप्पर कशाचे? या केंद्राने कुंभाराच्या चाकावर घडणारी निमुळती कौले एकात एक बसवून त्यांची कमान करण्याची पद्धत विकसित केली. एकाशेजारी एक कमानी उभ्या केल्या की मयाल-फाट्यांशिवाय छप्पर होते, आणि कुंभाराचे चाकही फिरते राहते. मला यातली कल्पकता तर आवडतेच, पण त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, हक्क गेल्यावर त्याची भरपाई कारागिराच्या हातातून कशी करता येईल, याचा इथे विचार झाला.

लॉरी बेकर या इंग्रज वास्तुविशारदाची कहाणीही याच धाग्याची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तो मुंबईत थांबला असताना त्याची गांधीजींशी भेट झाली. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्याचे असावे, हे गांधीजींचे म्हणणे त्याने आयुष्यभर धरून ठेवले. पुढे तो केरळात स्थायिक झाला, भारतीय नागरिक झाला, आणि २००७ मध्ये तिरुवनंतपुरमलाच वारला. विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवण्याची त्याची भिंत सुमारे पाव हिस्सा विटा वाचवते. पण त्याचे खरे वेगळेपण कामाच्या रीतीत होते. त्याने मोठे कार्यालय थाटले नाही. तो जागेवर जाई, मिळेल त्या कागदाच्या कपट्यावर आकृती काढी आणि गवंड्यांबरोबर उभा राहून घर बांधी.

नागपूरचे विनू काळे यांनी बांबूसाठी असेच आयुष्य वेचले. त्यांचे 'वेणू भारती' १९९६ साली आले. मेळघाटात लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभे केले. बांबू मात्र कायद्याच्या लेखी कित्येक वर्षे 'झाड' होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरला. एप्रिल २०११ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला बांबूच्या वाहतुकीचे पास स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. आणि शेतातला बांबू 'झाड' या व्याख्येतून सुटला तो २०१७ च्या दुरुस्तीने. म्हणजे कुडाच्या भिंतीतला साधा बांबूही शेवटी हक्काच्याच प्रश्नापाशी नेऊन सोडतो.

दूरचे एक उदाहरण सावधगिरीसाठी सांगतो. हसन फथी या इजिप्तच्या वास्तुविशारदाने १९४०च्या दशकात नाईलकाठी गुर्ना येथे कच्च्या विटांचे, घुमटांचे अख्खे गाव बांधायला घेतले. ते अप्रतिम होते. पण ज्यांच्यासाठी ते बांधले त्यांना आपली जुनी वस्ती सोडायचीच नव्हती, कारण पोट तिथे होते. गाव अर्धवट राहिले. मालक, रचनाकार आणि कारागीर या तिघांनी मिळून घर होते, असे फथीच सांगत असे. गुर्न्यात यांतला पहिला मनापासून हजर नव्हता.

आक्षेप खरे आहेत

मातीच्या घराचे गुण गाताना तीन आक्षेप टाळून चालणार नाही.

पहिला बायकांचा. आठवड्याचे सारवण, पावसाळ्यानंतरचे लिंपण, दिवाळीचा पोतारा हे सगळे काम कोणी केले? घरातल्या बायकांनी, आणि मोबदल्याविना. शेणाच्या जमिनीची महती सांगणाऱ्या पुरुषाने ती जमीन कधी सारवलेली नसते. फरशी आली तेव्हा सर्वांत आधी तिचे स्वागत त्यांनी केले आणि ते योग्यच केले.

दुसरा आक्षेप गावकुसाबाहेरच्या वस्तीचा. पांढरीची चांगली माती, उंच जोते, सागाचा खांब हे काही सगळ्यांच्या वाट्याला आले नव्हते. ज्यांच्या तीन पिढ्या गळक्या कुडात गेल्या, त्यांना पक्की भिंत ही अब्रू वाटते. पक्क्या घरात बसून त्यांना मातीचे माहात्म्य सांगणे शोभत नाही. १९८५ पासून इंदिरा आवास आणि २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेने अशा घरांना सपाट भागात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य आणि किमान २५ चौरस मीटरचे घर ठरवून दिले, त्याचे मोल कमी नाही. अडचण पुढे आहे. ग्रामीण विकास मंत्रालयानेच प्रांतोप्रांतीच्या घरांचे नमुने 'प्रकृती, हुनर, लोकविद्या' या नावाने गोळा केले. पण प्रत्यक्षात हप्ता, दुकान आणि मिस्त्री या तिघांना वीट आणि स्लॅब एवढीच भाषा कळते. मे महिन्यात त्या स्लॅबखाली काय होते, ते तिथे राहणाऱ्यालाच विचारावे.

तिसरा आक्षेप भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. तेव्हापासून माती म्हणजे मरण, हे समीकरण महाराष्ट्राच्या मनात बसले. पुढे तज्ज्ञांनी घरे तपासली तेव्हा दिसले की, रुंद भिंतींच्या दोन अंगांना जोडणारे आरपार दगड घातलेले नव्हते आणि धाब्यावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढून छपराचे ओझे वाढत गेले होते. अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा उभा होता आणि भिंती ढासळल्या होत्या. २२ मे १९९७ चा जबलपूरचा धक्का आपल्याच राज्यातला. म्हणजे मातीचे घर बांधायचे तर जाणकारानेच बांधायला हवे. कोपरे बांधणारी, भिंतीला कंबरपट्टा घालणारी विद्या हवी. ती जुन्या मिस्त्रीकडे काही होती, काही नव्हती.

लहान कार्यालय

इथे आजच्या लहान वास्तुविशारद कार्यालयाचा प्रश्न येतो. १९७२ च्या कायद्याने 'आर्किटेक्ट' ही पदवी नोंदणीकृत झाली, पण आपल्या गावांतली घरे मिस्त्रीच बांधत राहिला. शहरातल्या मोठ्या फर्मला गावातले एक घर परवडत नाही आणि गावाला ती फर्म परवडत नाही. मधली जागा दोघा-तिघांच्या कार्यालयांची आहे.

आमच्या सौंसर तहसिलीतल्या घराची मागची भिंत एका पावसाळ्यात खचली, तेव्हा आम्ही नागपूरच्या अशाच एका कार्यालयाला बोलावले. पहिल्या भेटीत त्यांनी नकाशा काढलाच नाही. उन्हाळ्यात कोण कुठे झोपते, पाणी कुठे साचते, वारा कुठून येतो, एवढेच विचारत फिरले. वाडीतली माती त्यांनी पाण्याच्या बाटलीत घालून हलवली आणि ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी तळाला रेती, मधे पोयटा, वर चिकण असे थर दिसले, आणि त्यात किती रेती मिसळायची ते ठरले. भिंत का खचली, याचेही उत्तर निघाले. गावातल्या इतर घरांसारखाच तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढलेला होता. जमिनीतून वर चढणारी ओल पूर्वी मातीतून उडून जाई; गिलाव्याने ती कोंडली आणि भिंत आतून कुजली. शिवाय सिमेंटचा रस्ता दरवेळी नव्या थराने उंच होत गेल्यामुळे आमचे जोते रस्त्याच्या खाली गेले होते. असे आपल्या गावांत शेकडो घरांचे झाले आहे, आणि दोष मातीला लागतो.

काम दोन हंगाम चालले, कारण मातीचे काम दिवाळीनंतर सुरू होऊन पावसापूर्वी थांबते. त्यांनी साहित्य पुरवले नाही, दुकानदाराकडून दलाली घेतली नाही. आराखड्याची आणि भेटींची फी घेतली. साठी उलटलेला एक मिस्त्री त्यांनी मुद्दाम शोधला आणि त्याच्या हाताखाली दोन तरुण दिले. चुन्याचा गिलावा, भिंतीच्या बुडाशी चर, छपराखाली चारी भिंती बांधणारा पट्टा, एवढेच नवे. आमच्या घरातल्या बायकांनी स्वयंपाकघरात आणि न्हाणीत फरशीच हवी म्हणून बजावले, ते त्यांनी वाद न घालता मान्य केले. त्यांचा आणि त्या मिस्त्रीचा मात्र रोज वाद होई आणि बहुतेक वेळा दोघेही थोडे थोडे बरोबर निघत. फथीने सांगितलेले ते तिघे एका अंगणात बसलेले मी तेव्हा पाहिले.

पण या कार्यालयालाही एका गोष्टीपुढे हात टेकावे लागले. कवेलू मिळेनात, बल्ल्या मिळेनात. कौशल्य होते, इच्छा होती, पैसाही कसाबसा होता. साहित्यावरचा गावाचा हक्क तेवढा नव्हता. पुस्तकातला निस्तार मला तिथे कळला.

आता काय

एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोनने आबादीची मोजणी करून घरमालकांना अधिकार अभिलेख देण्याचे काम मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रातही होत आले आहे. म्हणजे शेकडो वर्षे जिचा तुकड्या-तुकड्यांचा उतारा नव्हता, त्या पांढरीला प्रथमच कागद मिळतो आहे. त्या कागदावर कर्ज निघेल आणि कर्जातून घरे बांधली जातील. आपली पांढरी पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कशी दिसेल, ते आता ठरते आहे.

जगात माणसामुळे होणाऱ्या कार्बन वायूच्या उत्सर्जनापैकी सुमारे ८ टक्के एकट्या सिमेंटच्या वाट्याला येते, हे खरे. पण आपल्या शेतकऱ्याने जगाच्या काळजीने घर बांधावे अशी माझी अपेक्षा नाही. त्याने आपल्या सोयीने बांधावे, आणि त्याला निवड असावी. निवड असायची तर गावाच्या निस्तारात कुंभाराची खदान राखून ठेवलेली हवी, पडीत जमिनीवर बांबू हवा, तरुण मिस्त्रीला मातीचे आणि चुन्याचे काम शिकायची सोय हवी. नव्या जिल्ह्याच्या सरकारी इमारतींपैकी एखादी तरी इथल्या दगडामातीची झाली, तर मिस्त्र्यांची एक फळी तिच्यावरच तयार होईल.

यासाठी नवा कायदा लागत नाही. आपल्या गावाचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागता येतात, वाचता येतात. ते हिंदीत असतील, क्वचित जुन्या मोडणीच्या भाषेत. पण आपल्या घरात दोन्ही भाषा वाचणारे कोणी ना कोणी असतेच. ते वाचावेत, काय उरले आणि कशावर कोण बसले ते पाहावे, आणि ग्रामसभेत विषय मांडावा. घर बांधायला काढण्यापूर्वी पायवा किती खोल न्यायचा, हे आपण विचारतोच. माती कुठून येणार, हेही त्याच दिवशी विचारावे.